विश्रांतीचं बटण

मोजणी संपली की आमच्या विभागात दोनाऐवजी एकच सहाय्यक राहणार, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. लपवाछपवी काही नव्हती. पुण्याहून आलेले सर अगदी नीट बोलले. म्हणाले, कोण राहणार हे मी ठरवत नाही, कोण कोणतं काम किती वेळ करतं ते दिसलं की आपोआप ठरेल. मी मान हलवली. शेजारी काका उभे होते, त्यांनीही हलवली. दोन सहाय्यक म्हणजे काका आणि मी.

आमचा विभाग औषधांच्या चाचण्यांचा. नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला. नवीन औषध दुकानात येण्याआधी काही रुग्णांना त्यांच्या संमतीनं देऊन बघतात, त्याचं काम इथे चालतं. डॉक्टर तपासतात, सिस्टर रक्त काढतात, मॅडम, म्हणजे आमच्या समन्वयक, सगळं विचारून लिहून घेतात. आणि ह्या तिघांच्या मधे जे काही उरतं ते सहाय्यकानं करायचं. नळ्या लॅबला पोचवायच्या, फायली काढायच्या नि जागेवर लावायच्या, कोणाची तारीख आली की फोन करायचा, कोणाला हाताला धरून सोनोग्राफीच्या खोलीत न्यायचं.

मी गोंदियाकडची. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे आई आजारी पडली, धाकटी भावंडं सांभाळायला एक वर्ष घरी राहिले, आणि मग लहान पोरींच्या वर्गात जाऊन बसायची लाज वाटली. बहीण लग्न होऊन अंबडला आलेली, भाऊजी तिथे कारखान्यात. तिच्या बाळंतपणाला म्हणून मी आले ती इकडेच राहिले. आधी ह्याच हॉस्पिटलात फरशी पुसायला होते. पुसताना मी कोणाच्या टेबलावरचा कागद हलवत नाही, हे मॅडमनी पाहिलं होतं म्हणे. एक दिवस जिन्यातच थांबवून म्हणाल्या, वर येतेस का आमच्याकडे? मला वाटलं, वरची फरशी पुसायला. त्या खुर्चीवर बसून फायली लावायला म्हणत होत्या.

तेव्हापासून त्या बाईचं नाव मी देवाच्या नावाच्या आधी घेते. पण माझा स्वभाव असा, की कोणी माझं भलं केलं की मला आनंदाच्या आधी धास्ती लागते. हे आता परत घेतील, असं वाटत राहतं. रोज सकाळी विभागाचं दार ढकलताना मी बघायची, माझी खुर्ची आहे ना.

काका माझ्या आधीपासून होते. फौजेत नर्सिंगचं काम करून निवृत्त झालेले. मूळ सायखेड्याचे, पण घर केलं देवळाली कॅम्पात, कारण बायकोला तिथला बाजार सोडवेना. मिशी पांढरी, बूट रोज पॉलिश केलेले. नळ्या कशा उभ्या धरायच्या, बर्फाचा डबा कसा लावायचा, डॉक्टर चिडले असले तर कोणत्या बाजूनं आत जायचं, हे सगळं त्यांनीच मला शिकवलं. मला ते माझ्या नावानं हाक मारत नसत. "काय गोंदिया, काय करून राहिली?" असं माझ्याच बोलीत विचारायचे नि स्वतःच हसायचे. सुरुवातीला मला राग यायचा. मग एकदा ते सुट्टीवर गेले आणि दिवसभर मला कोणी गोंदिया म्हटलं नाही, तेव्हा कळलं की त्या हाकेवर माझा दिवस चालतो.

तेव्हा सांधेदुखीच्या एका औषधाची चाचणी चालू होती. त्यात पेठकडच्या डोंगरातली एक आजी होती. बोटं सुजून वाकडी झालेली, भाकरी थापता येत नव्हती म्हणून मुलानं आणलं होतं. पहिल्या काही वेळा मुलगा सोबत आला. मग त्याला कामावर जावं लागे, द्राक्षाच्या बागेत मजुरीला, तर आजी एकटीच पहाटेच्या एसटीनं यायची. उपाशी यायचं असे, रक्तासाठी. काका स्टँडवर जाऊन तिला घेऊन यायचे. रक्त झालं की कॅन्टीनचे पोहे, मग औषध, आणि मग बराच वेळ बसून राहायचं. औषध अंगात कसं चढतं ते बघायला सिस्टर दुपारी पुन्हा रक्त काढायच्या.

त्या मधल्या वेळात काका तिच्याजवळ बसायचे. वऱ्हांड्यात भिंतीला लागून रुग्णांचा बाक होता. काका स्टोअरमधलं एक बुटकं प्लास्टिकचं स्टूल आणायचे नि बाकासमोर मांडून बसायचे. आजी वर, ते खाली. दुखण्याचं एक अक्षर विचारायचे नाहीत. शेतातली नागली झाली का, बकरी व्याली का, सून माहेरहून आली का. आजी सुरुवातीला हूं हूं करायची. हळूहळू बोलायला लागायची. मी फायली लावताना ऐकायची. एकदा काका म्हणाले, घरी गेल्यावर काय खाणार? आजी म्हणाली, "खाऊ काय, भाकर तोंडात टोचती. भाताची पेज पिते." काका तसेच आणखी थोडं बसले, बकरीचं बोलले, मग सावकाश उठून मॅडमच्या खोलीत गेले. डॉक्टरांनी आजीला तोंड उघडायला लावलं तर आतून सगळं सोललेलं. औषधानंच झालेलं होतं. काही दिवस औषध थांबवलं, तोंड बरं झालं. त्याच सकाळी मॅडमनी तिला विचारलं होतं, काही त्रास? आजीनं सांगितलं होतं, नाय, बरं हाय. मॅडमचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्या सगळ्यांना नीट विचारतात. पण टेबलापलीकडून विचारलेल्याला आजी 'बरं हाय' हेच उत्तर द्यायची. साहेब लोकांना तेच सांगायचं असतं, अशी तिची समजूत.

तर मोजणी. पुण्याच्या ज्या संस्थेच्या देखरेखीखाली चाचणी चालायची तिला जाणून घ्यायचं होतं की आधाराच्या कामाला माणसं किती लागतात. सरांनी आमच्या दोघांच्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. त्यात मोठी मोठी बटणं होती. नमुने, फायली, फोन, ने-आण, आणि शेवटी एक राखाडी बटण, विश्रांती. काम बदललं की बटण बदलायचं. काकांनी चष्मा लावून सगळं दोनदा विचारून घेतलं. सर म्हणाले, सोप्पं आहे काका, हातात काम असलं की कामाचं दाबा, चहा घेतला, बसलात, तर विश्रांती.

काकांनी ते हुकुमासारखं घेतलं.

मी ते राखाडी बटण कधी दाबलंच नाही. डबा खाताना फायलींच्या कपाटाला पाठ लावून उभ्यानं खायची, एक हात फायलीवर ठेवून, म्हणजे खोटं होऊ नये. बाथरूमला जाताना ने-आण चालू असायची, कारण येताना कोणाचा तरी कागद घेऊन यायची. मोबाइल उशाशी ठेवून झोपायची नि दचकून बघायची, चालू तर राहिलं नाही ना. बहीण म्हणाली, तुला ताप येईल एक दिवस.

मोजणी सुरू होऊन आठवडा झाला असेल. आजीचा दिवस होता. काका स्टूलवर बसले, खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला नि राखाडी बटण दाबलं. मी पाहिलं.

"काका, हे काय दाबून राहिले?"

"विश्रांती."

"पण तुम्ही आजीपाशी बसलात ना."

"बसलोच आहे. मग?"

"हे काम आहे काका."

"काम उभ्यानं असतं बेटा," ते म्हणाले. "बसलेलं कामात धरलं असतं ना, तर आमची अख्खी पलटण जागची उठली नसती." आणि आजीला म्हणाले, "काय हो, खरं की नाही?" आजीला काही कळलं नव्हतं, पण ती तोंडावर पदर धरून हसली.

मी दुपारी पुन्हा सांगितलं. हात जोडून सांगितलं. एकालाच ठेवणार आहेत काका, हे असं मोजलं तर तुम्ही दिवसभर आराम करता असं दिसेल. ते म्हणाले, सरांनी सांगितलंय बसलात तर विश्रांती, आणि मी बसतो. आता ह्या वयात मोबाइलशी खोटं बोलू का? तेव्हा मला दोन गोष्टी एकाच वेळी वाटल्या. एक म्हणजे ह्या माणसाला धरून हलवावं. आणि दुसरी, जी मी कोणाजवळ बोलले नाही, ती ही की माझी खुर्ची राहील.

मोजणीचा निकाल दाखवायला सर आले तेव्हा आम्हाला मॅडमच्या खोलीत बोलावलं. लॅपटॉपवर दोन आडव्या पट्ट्या होत्या. एक रंगीत, पार टोकापर्यंत भरलेली. ती माझी. दुसरीत थोडे थोडे रंग, आणि मधे लांबच लांब राखाडी. ती कोणाची हे सांगायची गरज नव्हती. सर मला म्हणाले, तुमचा दिवस चांगला भरलेला दिसतो. मॅडम खिडकीकडे बघत होत्या.

मी बोलले. कशी बोलले माहीत नाही, माझा आवाज मलाच दुसरीकडून आल्यासारखा वाटत होता. म्हटलं, सर, ते राखाडी दिसतंय ना, तेव्हा ते पेशंटजवळ बसलेले असतात.

सरांनी लॅपटॉप थोडा बाजूला सारला. त्यांना खरंच ऐकायचं होतं. "बसून काय करतात?"

"बोलतात."

"कशाबद्दल?"

"नागलीबद्दल," मी म्हटलं, आणि ते ऐकायला इतकं वेडं वाटलं की मीच घाईघाईनं पुढे सांगून टाकलं. आजीच्या तोंडाचं कसं त्यांच्यामुळे कळलं, ते सगळं.

 सरांनी मला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं नाही, आपल्या बरोबरीच्या माणसाला समजावतात तसं. चाचणीत प्रत्येकाची भूमिका कागदावर ठरलेली असते. रुग्णाला त्रासाबद्दल विचारणं ही मॅडमची नि डॉक्टरांची भूमिका, सहाय्यकाची नाही. "हे काम म्हणून धरलं तर काकांनी दुसऱ्याचं काम केलं असं होतं. तो मोठा दोष झाला, मॅडमवरही येईल. नाही धरलं तर ती विश्रांती. मी काय लिहू, तुम्हीच सांगा."

ते टोमणा मारत नव्हते. त्यांनी खरोखर विचारलं आणि थांबले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे.

"विश्रांतीच लिहा साहेब," काका म्हणाले. "तशी झालीच आहे."

बाहेर आल्यावर मॅडमनी मला जिन्यापाशी थांबवलं. जिथे त्यांनी मला पहिल्यांदा थांबवलं होतं तिथेच. म्हणाल्या, मी पुन्हा मोजायला सांगू शकते, पण मग तुझंही पुन्हा मोजतील, आणि निकाल हाच येईल, बसण्याला जागाच नाहीये त्यांच्याकडे. तुझं राहिलं आहे, ते धरून ठेव. मी म्हटलं, मॅडम, सांगा तरी. त्यांनी पुण्याला कळवलं. पुण्याहून उत्तर आलं, की सहाय्यकाच्या कामांच्या यादीत रुग्णासोबत बसणे हे काम नाही, त्यामुळे पुन्हा मोजण्याचं कारण दिसत नाही.

काकांचा शेवटचा दिवस साधाच गेला. सिस्टरांनी वेफर्स नि पेढे आणले. त्यांनी सगळ्यांना सॅल्यूट केला, डॉक्टरांना जरा जास्त कडक. मला स्टँडवर नेऊन पेठची गाडी कुठे लागते ते दाखवलं. आजीला कंडक्टरच्या मागची जागा लागते, ती धरून द्यायची, म्हणाले, नाहीतर वळणांवर तिला उलटी होते. मग म्हणाले, "तिला विचारून कळत नाही गं गोंदिया. जरा बसत जा तिच्यापाशी."

पण पुढच्याच आठवड्यात भिंतीवर सूचना लागली. सहाय्यकांनी रुग्णांच्या बाकावर किंवा वऱ्हांड्यात बसू नये. बुटकं स्टूल स्टोअरमधून भंगारात गेलं. आणि ॲप माझ्या मोबाइलमध्ये तसंच राहिलं, ते आता कायमचं झालं होतं.

आजी आली तेव्हा तिनं पहिल्यांदा विचारलं, "तो म्हातारा कुठं गेला?"

"काम सोडलं त्यांनी."

"आजारी हाय का?"

"नाही, बरे आहेत."

पोहे झाले, औषध झालं, ती बाकावर बसली नि मी तिच्या बाजूला उभी राहिले, हातात नळ्यांचा डबा धरून, म्हणजे नमुने हे बटण खरं ठरावं. मी उभी राहूनच विचारलं, नागली झाली का आजी? तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. उभ्या माणसाशी बोलायला तिला मान दुखेस्तोवर वर करावी लागत होती. म्हणाली, झाली. बकरी? हाय. मग तिनं मान खाली घातली. मला वाटलं, खाली बसावं, फरशीवरच. ही फरशी तर मी पुसलेली आहे, मला कसली लाज. पण समोर सूचना होती नि कॅमेरा होता, नि खिशात मोबाइल. मी नाही बसले.

त्याच्या पुढच्या वेळीही तसंच. काही दुखतं का आजी? नाय, बरं हाय. मला ती जरा वाळलेली वाटली. मॅडमना तसं सांगितलं. त्यांनी वजन केलं, थोडं कमी होतं. आजी म्हणाली, भातकापणीचे दिवस, लय काम. ते पटण्यासारखं होतं.

त्यानंतरच्या तारखेची आठवण द्यायला मी फोन केला तर मुलानं उचलला. म्हणाला, ती नाही येणार, सिव्हिलला आहे. शेतात पडली, रक्ताची उलटी झाली. कित्येक दिवस पोटात जळत होतं म्हणे, जेवत नव्हती, सुनेला फक्त माहीत होतं. मी विचारलं, दादा, त्या इथे बोलल्या का नाहीत? तो म्हणाला, तिला काय माहीत कोणाला सांगायचं.

आजी वाचली. पण चाचणीतून तिला काढावं लागलं. नंतर मुलगा तिला घेऊन कधी आला नाही, फोनही बंद लागायला लागला. डॉक्टरांनी अहवाल करून पाठवला. मॅडमनी त्याची प्रत फाईलला लावायला माझ्याकडे दिली. त्यात एक ओळ होती, की रुग्णाने मागील भेटींमध्ये त्रास सांगितला नव्हता. ओळ खरीच होती. मी पंच मारला, फाईलला लावली, फाईल जागेवर ठेवली. बटण फायलींचंच चालू होतं. मॅडम त्या दिवशी जेवल्या नाहीत, एवढं मला दिसलं.

एका रविवारी मी देवळाली कॅम्पला गेले. काका एका बंगल्यांच्या सोसायटीत वॉचमन झाले होते, कोणीतरी पत्ता सांगितला होता. गेटपाशी पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. निळा शर्ट, बूट तसेच चकचकीत. मला बघून उठले.

"अरे गोंदिया. बघ, आता दिवसभर बसायचंच काम आहे. उठलो तर साहेब लोक विचारतात, कुठं गेला होता."

मी हसायचा प्रयत्न केला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. विचारलं, "ती आजी येते का?"

मला आल्या पावली परत फिरावं असं वाटलं. मी उभ्या उभ्याच सांगायला लागले, की काका, मी तिच्यापाशी होते, दर वेळी होते, बाजूलाच उभी होते, पण ती बोललीच नाही, मी विचारलं होतं, तिनं... माझं वाक्य काही पुढे जाईना. काका शेडच्या मागे गेले, कुठूनतरी एक लोखंडी घडीची खुर्ची आणली, रुमालानं पुसली नि आपल्या खुर्चीसमोर मांडली.

"बस आधी," ते म्हणाले.

मी नको नको म्हणत राहिले. एक गाडी आली, त्यांनी गेट उघडलं, बंद केलं, परत आले. मी अजून उभीच होते. त्यांनी खांद्याला धरून मला बसवलं, मग स्वतः बसले. आजीबद्दल पुन्हा काही विचारलं नाही.

मग म्हणाले, "डबा आणलास का? सकाळपासून काय खाल्लं?"

"काहीच नाही," मी म्हटलं. आणि मग सांगायला लागले.